हवेतल्या गप्पा (११) : गारठ्यात न उठलेला ऑसिलेटर



मागच्या खेपेला कतारच्या एस'हेल-२ उपग्रहावर आम्हा हौशी रेडिओवाल्यांसाठी बसवलेल्या ट्रान्स्पाँडरबद्दल लिहिलं होतं. त्यावर दुबईहून एका वाचकांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेला आरसा. खालून आलेला आवाज परत खाली पाठवायचा, एवढंच त्याचं काम. मग त्यात ऑसिलेटर कसला, आणि तुम्ही मंडळी मिलिवॅट-मिलिवॅट करत काय बसता?

प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर देताना माझी स्वतःची एक फजिती सांगावी लागणार. तेव्हा चहा घेऊन बसा. गणित थोडं आहे, पण दहावीच्या पलीकडचं नाही.

आमच्या सासवडच्या घरी बाबांचा एक ट्रान्झिस्टर होता. चामड्याच्या कव्हरातला, सेल संपत आले की उन्हात ठेवायचा. (सेल उन्हात ठेवून थोडे जगतात, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवतंय?) त्यावर पुणे केंद्र लागायचं ७९२ किलोहर्ट्झवर. आता गंमत अशी, की त्या डब्यातला बहुतेक भाग ७९२ ला ओळखतच नाही. त्याला ओळखीची एकच फ्रिक्वेन्सी, ४५५ किलोहर्ट्झ. कुठलंही स्टेशन असो, आधी त्याचं ४५५ करायचं आणि मग मोठं करून ऐकवायचं. हे रूपांतर करायला डब्यातच एक छोटा ऑसिलेटर १२४७ वर गुणगुणत असतो. १२४७ वजा ७९२ बरोबर ४५५. तुम्ही काटा फिरवता तेव्हा खरं तर या गुणगुणणाऱ्याचा सूर बदलत असता. हाच लोकल ऑसिलेटर. लोकल म्हणजे इथलाच, डब्यातलाच. सातवीत असताना शेजारच्यांचा सेट आणून मी दोन्ही जवळजवळ ठेवले आणि दुसऱ्याचा काटा १२४७ च्या आसपास नेला. खरखर एकदम बसली आणि शांतता ऐकू आली. पहिल्याचा काटा हलवला की दुसऱ्यावरची शांतता सरकायची. बाबांना वाटलं दोन्ही सेट बिघडवले. मार वाचला, पण थोडक्यात.

उपग्रहातला ट्रान्स्पाँडर म्हणजे हाच ट्रान्झिस्टर, फक्त त्याच्या पुढच्या टोकाला स्पीकरच्या जागी परत एक ट्रान्समीटर. आरसा का नाही, तर खालून येणारा आवाज वर पोचेपर्यंत पिकोवॅटच्याही खाली गेलेला असतो आणि खाली पाठवायचा तो अर्ध्या वॅटने. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन्ही केलं तर स्वतःच्याच ओरडण्यात ऐकू येणार काय? म्हणून ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकायचं आणि १४५ च्या पट्ट्यात बोलायचं.

आता आमचं प्रकरण. इथे इंग्लंडात मी ज्या रेडिओ क्लबात जातो, तिथल्या चार-सहा जणांनी मिळून १० सेंटीमीटर घनाच्या छोट्या उपग्रहासाठी, म्हणजे क्यूबसॅटसाठी, एका ट्रान्स्पाँडरचा नमुना बांधायला घेतला. वर कधी जाईल, कोण नेईल, हे नंतरचं. मी दिवसा बँकेच्या सॉफ्टवेअरची राखण करतो. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन कॅम्पस प्लेसमेंटमध्ये जावा शिकायला गेलेल्या पिढीतला मी. त्यामुळे कुणीतरी विचारलं, "ऑसिलेटर कोण करणार?" तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. बारा वर्षांनी सोल्डरिंगची मिशी भाजायची संधी!

आकडे सांगतो. ऐकायची फ्रिक्वेन्सी मधोमध ४३५.२ मेगाहर्ट्झ, बोलायची १४५.९. मधली पायरी, म्हणजे बाबांच्या सेटमधल्या ४५५ च्या जागी, २१.४ मेगाहर्ट्झ. तेव्हा लोकल ऑसिलेटर दोन लागणार. पहिला ४१३.८ चा, जो ४३५.२ मधून वजा होऊन २१.४ देतो. दुसरा १६७.३ चा, ज्यातून २१.४ वजा होऊन १४५.९ मिळतात. दुसऱ्या ठिकाणी आपलाच सिग्नल वजा होतो, म्हणून पट्टा उलटा होतो. खालून कोणी ५ किलोहर्ट्झ वर सरकला, तर तो वरून ५ किलोहर्ट्झ खाली सरकलेला ऐकू येतो. हे मुद्दाम केलेलं असतं. का, ते पुढे.

आणि वीज? अशा डब्याच्या एका बाजूवर साधारण ३० चौरस सेंटीमीटरचे दोन सोलर सेल बसतात. तिथे दर चौरस मीटरला १३६० वॅटच्या आसपास ऊन, त्यातलं २८-३० टक्के विजेत उतरतं. म्हणजे सूर्याकडे तोंड असलेल्या बाजूला २.३ वॅटच्या जवळपास. ६०० किलोमीटरवर एक फेरी ९७ मिनिटांची, त्यातली ३५ मिनिटांपर्यंत सावली. फिरणं, सावली, बॅटरी भरण्यातली गळती सगळं धरून घरखर्चाला हातात पडतात दीड ते दोन वॅट. यात कॉम्प्युटर, रिसीव्हर, टेलिमेट्री आणि ट्रान्समीटर. ट्रान्समीटरला अर्धा वॅट बाहेर टाकायचा तर तो एक वॅटच्या वर खातो. कोणी बोलत नसेल तेव्हा ट्रान्समीटर कमी खाईल, पण लोकल ऑसिलेटरला सुट्टी नाही. कोणी बोलो न बोलो, त्याला गुणगुणत राहायचंय. म्हणून त्याची खाणावळ आधी ठरते. आमच्या बजेटात दोन्ही ऑसिलेटरना मिळून ३० मिलिवॅट आले. ३ व्होल्टवर १० मिलिअँपियर. तुमच्या टीव्हीवरचा तो लाल दिवा जेवढं खातो, साधारण तेवढं.

मी सॉफ्टवेअरवाला. माझं पहिलं उत्तर अर्थातच सिंथेसायझरची चिप. एका चिपमध्ये सगळं. रजिस्टरमध्ये आकडे लिहा, हवी ती फ्रिक्वेन्सी घ्या. एडीएफ४३५१ नावाची एक लोकप्रिय चिप ३५ मेगाहर्ट्झपासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत काहीही देते. हौशी लोकांच्या टेबलावर हमखास दिसते आणि तिचं बोर्ड घरपोच येतं. पण ती ३.३ व्होल्टवर शंभर मिलिअँपियरच्या वर खाते. एकटीच वीसेक टक्के मिळकत गिळणार म्हणजे पाहुण्यानेच घर खाल्लं. कमी खाणारे सिंथेसायझर मिळतात, व्हीसीओसकट पंधरा मिलिअँपियरच्या आसपास. मी तो कागद घेऊन मीटिंगला गेलो.

क्लबात एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत. जन्मभर रेडिओच्याच कारखान्यात गेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "याला आपली फ्रिक्वेन्सी किती हे कोण सांगतं?"

म्हटलं, "कॉम्प्युटर. चालू झाल्यावर रजिस्टर लिहितो."

"आणि कॉम्प्युटर नाही उठला तर?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आमच्या धंद्यात ते नेहमीच असतं: वॉचडॉग. दर काही सेकंदांनी रजिस्टर परत लिहायची. वरच्या कक्षेत एखादा वेगवान कण येऊन मेमरीतला शून्याचा एक करून जातो, विशेषतः दक्षिण अटलांटिकवरून जाताना. त्यालाही हाच इलाज, आणि पुष्कळ जण तो करतात. आजोबांनी मान डोलावली. म्हणाले, "चांगलं आहे. पण क्रिस्टलला काही आठवावंच लागत नाही." विषय संपला.

तेव्हा क्रिस्टल. क्वार्ट्झची एक पातळ चकती, दोन्ही अंगांना धातूचा मुलामा. विजेने ती थरथरते, आणि किती थरथरायचं हे तिच्या जाडीवर ठरतं. जाडी कमी करत गेलं तर मोडते, म्हणून १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्या पाचव्या ओव्हरटोनवर काम भागवतात. तंबोऱ्याच्या तारेतून वरचा स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक. जात तीच. आम्ही १०३.४५ चा क्रिस्टल घेऊन दोनदा दुप्पट करायचं ठरवलं: २०६.९ आणि मग ४१३.८. दुसऱ्यासाठी ८३.६५ चा, एकदाच दुप्पट. प्रत्येक दुपटीत क्रिस्टलची कुरकुर, म्हणजे फेज नॉइज, ६ डेसिबेलने वाढते. चौपटीत १२. आम्हाला चालणार होती. वीसपट केली असती तर २६, शिवाय मधल्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र ट्रान्झिस्टर पोसायचा.

एक बारीकशी अडचण अशी, की १०३ मेगाहर्ट्झला क्रिस्टलच्या दोन मुलाम्यांमधली जेमतेम ५ पिकोफॅरडची धारिता एखाद्या चोरवाटेसारखी वागते. ऑसिलेटर क्रिस्टलला बगल देऊन त्या वाटेने स्वतःच्या मर्जीने गाऊ लागतो. त्यावर ०.४७ मायक्रोहेन्रीचं वेटोळं क्रिस्टलला समांतर टाकायचं, की वाट बंद. कॉलेजात हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते खरं आहे हे तिशी उलटल्यावर कळलं.

मिक्सरच्या बाबतीत मात्र मी हट्ट केला आणि तो बरोबर निघाला. चार डायोडच्या कड्याचा मिक्सर म्हणजे जुन्या लोकांचा जीव की प्राण. पण त्याला ऑसिलेटरकडून ५ मिलिवॅट लागतात. ४१३ मेगाहर्ट्झला ५ मिलिवॅट काढायचे तर सगळं बजेट तिथेच संपलं. त्याऐवजी गिल्बर्ट सेलचा मिक्सर घेतला, तर तो याच्या पन्नासाव्या हिश्श्यावरही काम करतो. स्वतः दोन-तीन मिलिअँपियर खातो खरा, पण ते रिसीव्हरच्या खात्यावर. (हिशेबातली ही युक्ती नोकरीतच शिकलो. ह. घ्या. :-))

आता तो उलटा पट्टा. उपग्रह ताशी सत्तावीस हजार किलोमीटरने पळतो. क्षितिजावरून येताना डॉप्लरमुळे ४३५ वर सुमारे १० किलोहर्ट्झचा आणि १४५ वर ३.३ चा फरक पडतो. पट्टा सरळ असता तर दोन्हींची बेरीज झाली असती, उलटा केल्याने वजाबाकी होते: तेराऐवजी पावणेसात. ही सवलत आम्हाला सगळ्यांना माहीत होती. पण एका रविवारी मी दोन्ही ऑसिलेटरच्या चुका कागदावर मांडल्या, आणि लक्षात आलं, की इथे नेमकं उलट होतं. उलट्या पट्ट्यात वरची अधिक खालची फ्रिक्वेन्सी ही बेरीज कायम असते, आमच्या बाबतीत ५८१.१ मेगाहर्ट्झ, आणि ती म्हणजेच दोन ऑसिलेटरची बेरीज. दोघे थंडीने एकाच दिशेला सरकले तर चुकाही बेरजेनेच वाढणार. दहा लाखात एक, म्हणजे एक पीपीएम चुकलं, की खाली ऐकणाऱ्याला ५८१ हर्ट्झचा फरक. सरळ पट्ट्यात तो २८९ च असता. मधली पायरी कुठलीही घ्या, वजाबाकी इकडची तिकडे करा, ही बेरीज काही हटत नाही. मी तासभर प्रयत्न केला. डॉप्लरने जेवढी सूट दिली, तेवढी क्रिस्टलने वसूल केली. एखाद्या दुकानदारासारखं.

आमचे क्रिस्टल तापमानाबरोबर साधारण अधिक-उणे ५ पीपीएम फिरणारे. ऊन ते सावली एका फेरीत जवळजवळ सहा किलोहर्ट्झ, आणि दहा-बारा मिनिटांच्या एका भेटीत हजारेक हर्ट्झ. एसएसबीवर बोलताना पन्नास-शंभर हर्ट्झ इकडेतिकडे झालं तरी माणूस नाकात बोलू लागतो. हा प्रकार माझ्या ओळखीचा होता. सांगलीला इंजिनियरिंगला असताना एका सरांकडे जुना रिसीव्हर होता. २००९ च्या सुमाराला आम्ही त्यावर आपला हॅमसॅट ऐकायचो. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ च्या जोडीने गेलेला, ४२.५ किलोचा. त्यात दोन ट्रान्स्पाँडर होते, एक भारतात केलेला आणि दुसरा नेदरलँड्सच्या एका इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याने केलेला. जुलै २०१४ मध्ये त्याची बॅटरी गेली आणि तो थांबला. झाडूच्या दांड्याला ॲल्युमिनियमच्या काड्या बांधून मी गच्चीत उभा, आणि खाली सर नॉब फिरवताहेत. एक माणूस बोलता बोलता हळूहळू घोगरा होत जायचा, सर परत त्याला माणसात आणायचे. एक विद्यार्थी असलं काही करतो, हे त्या वेळी डोक्यात बसलं ते बसलंच.

तर हे सरकणं सुधारायचं का? पर्याय होते. थर्मिस्टर आणि व्हॅरिकॅप लावून क्रिस्टलला ओढून धरता येतं, पण पाचव्या ओव्हरटोनवर तो जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याएवढाच ओढला जातो. आम्ही वाद घालून सोडून दिलं. खाली बसलेल्या माणसाकडे भिंतीत प्लग आहे, कॉम्प्युटर आहे, स्वतःचाच आवाज वरून परत ऐकायची सोय आहे. त्याने फिरवावा की नॉब. वर आमच्याकडे दोन वॅट आहेत. मला हा निर्णय अजूनही पटतो.

राहता राहिली करंटची काटकसर, आणि इथे मी घसरलो. पहिला ऑसिलेटर २ मिलिअँपियरवर छान चालला. मग मला चेव चढला. दीड. चालला. एक. चालला. ०.८ वर आणला तरी स्क्रीनवर १०३.४५ ची सुई सरळ उभी. क्लबाला मेल टाकली, "ऑसिलेटर ०.८ वर!" थंडीची परीक्षा म्हणून बोर्ड डब्यात घालून, वायर बाहेर काढून, घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला. शेजारी देशी दुकानातून आणलेली खवलेल्या नारळाची पाकिटं. रात्रभर चालला. सकाळी हिने फ्रीझर उघडला.

"अरे, नारळाला वायर का लावलीयेस?"

"उपग्रह आहे तो."

"मग गणपतीच्या आत उतरव. मोदकांना जागा हवी."

उणे १८ ला रात्रभर सुरळीत. मी खूश.

पुढच्या शनिवारी क्लबात थर्मोकोलच्या खोक्यात सुका बर्फ टाकून सगळ्यांचेच बोर्ड तपासायचे होते. उणे ३० ला तासभर निवू दिलं, मग आजोबांनी एकेकाची वीज चालू केली. रिसीव्हर उठला. टेलिमेट्री उठली. माझा नाही. बंद करून परत चालू केलं, आयटीवाल्याचा रामबाण उपाय. नाही. करंट वाहतोय, पण गुणगुण शून्य. मीटरचा काटा मेल्यासारखा. आठ-दहा जण माझ्याकडे बघताहेत, आणि इंग्रज माणूस अशा वेळी जे हवामानाबद्दल बोलायला लागतो, ते सगळे लागले.

आजोबांनी एकच प्रश्न विचारला. "घरी तू चालू असलेला थंड केलास, की थंड झालेला चालू केलास?"

मंडळी, या एका प्रश्नात सगळं आलं. चालत असलेला ऑसिलेटर चालत राहणं वेगळं आणि गारठलेल्याने शून्यातून उठणं वेगळं. माझ्या सर्किटात एमिटरच्या रेझिस्टरवर फक्त ०.२ व्होल्ट पडत होते, करंट वाचवायच्या नादात मी तो एवढा खाली आणलेला. तापमान एक अंशाने उतरलं, की ट्रान्झिस्टर बेसवर २ मिलिव्होल्ट जास्त मागतो. २५ वरून उणे ३० म्हणजे ५५ अंश, म्हणजे ११० मिलिव्होल्ट. ते गेले कुठून? त्याच ०.२ मधून. उरले ०.०९, आणि ०.८ चे झाले ०.३६ मिलिअँपियर. त्या करंटवर ट्रान्झिस्टरची ओढ जवळजवळ निम्मी.

आणि दुसरं, जे कुठल्याच वर्गात कानावर पडलं नव्हतं. काही क्रिस्टल अगदी हळुवार थरथरीला जास्त अडून बसतात. पृष्ठभागावर एखादा कण, एखादा ओरखडा असला, की सुरुवातीच्या त्या नगण्य हालचालीला त्यांचा अडथळा कितीतरी वाढलेला असतो. एकदा हलले की मोकळे. इंग्रजीत अशा क्रिस्टलला झोपलेला क्रिस्टल म्हणतात. माझा क्रिस्टल फ्रीझरमध्ये चालत राहिला, कारण तो जागा होता. खोक्यात मात्र त्याला झोपेतून उठायचं होतं आणि उठवणारा अर्धपोटी.

वर असं झालं असतं, तर? सावलीत बॅटरी दगावली, वीज गेली, ऊन आलं, सगळं उठलं आणि लोकल ऑसिलेटर तेवढा नाही. ट्रान्समीटर नुसती खरखर खाली पाठवत बसला असता. वॉचडॉगनेही काही झालं नसतं.

त्या दिवशी घरी सोडताना आजोबांनी गाडीत ऑस्कर-७ ची गोष्ट सांगितली. मला ती वरवर माहीत होती, पण ऑसिलेटरच्या बाजूने कधी ऐकली नव्हती. १५ नोव्हेंबर १९७४ ला हा हौशी उपग्रह १४५० किलोमीटरवर गेला. १९८१ साली बॅटरीत शॉर्ट झाला आणि तो गप्प बसला. लोकांनी वहीत शेवटची नोंद करून टाकली. २१ जून २००२ ला इंग्लंडमधल्याच एका हौशी रेडिओवाल्याला ओळखीचा मोर्स ऐकू आला. बॅटरीतला शॉर्ट आपोआप उघडला होता, आणि सोलर पॅनेलची वीज सरळ सर्किटला मिळू लागली होती. तेव्हापासून त्याला बॅटरीच नाही. त्याची कक्षा सावलीतून जाते त्या दिवसांत तो प्रत्येक फेरीला मरतो आणि ऊन लागलं की गारठलेल्या अंगाने उठतो. ११५ मिनिटांची एक फेरी. हिशेब तुम्हीच करा, कितीदा. त्याला उठवायला कोणी रजिस्टर लिहीत नाही. १९७४ च्या आधी कुणीतरी ट्रान्झिस्टरला पोटभर करंट दिला होता, बस्स.

त्याची एक खोड आहे, तीही आमच्या विषयातलीच. बॅटरी नसल्यामुळे कोणी जास्त ताकदीने बोललं की आतलं व्होल्टेज दचकतं आणि ऑसिलेटरचा सूर हलतो. सगळ्यांचेच आवाज मग विहिरीत डोकावून बोलल्यासारखे थरथरतात. म्हणून त्यावर बोलणारे एकमेकांना सांगत असतात, पाच वॅटच्या वर जाऊ नका. मी डिसेंबर २०२३ मध्ये अंगणात हातातला अँटेना धरून त्याला ऐकला. दोन स्पॅनिश आवाज, मागे थरथर. बोटं बधिर झाली होती.

बोर्ड परत घेतला. एमिटरवर ०.८ व्होल्ट, करंट २.२ मिलिअँपियर. मग क्रिस्टलच्या ६० ओहमला जोडून मुद्दाम १२० ओहमचा रेझिस्टर टाकला, म्हणजे अडथळा तिप्पट, आणि तसाच सुक्या बर्फात ठेवून, तासभर निवू देऊन, मग वीज दिली. उठला. बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, परत दिली. उठला. असं चाळीस वेळा. सोळाव्यांदा चिरंजीव कंटाळून आत गेले. त्यानंतर तो रेझिस्टर काढला आणि जागा कोरी ठेवली. नवीन क्रिस्टल मागवताना आता अगदी कमी ड्राइव्हवरचा अडथळाही मोजून मागतो. महाग पडतात, पण डझनात एकच लागतो.

हिशेब शेवटी असा जमला: पहिला ऑसिलेटर २.२, त्याचे दोन डबलर १.५ आणि १.८. दुसरा ऑसिलेटर २, त्याचा डबलर १.५. एकूण ९ मिलिअँपियर, २७ मिलिवॅट. तीस मंजूर होते. उरलेले तीन मी मागितले नाहीत, रिसीव्हरवाल्याने न विचारता घेतले.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे सेल संपत आले तरी चालणारा केलास, आणि मग तो सकाळी लागेना." म्हटलं, अगदी बरोबर. मग म्हणाले, "आपलाही तसाच करायचा. थंडीत पहाटे सातच्या बातम्यांना बसायचाच नाही. मी उशाशी घेऊन झोपायचो."

हे मला माहीत नव्हतं.

दुबईच्या वाचकांना: तुमच्या डोक्यावरच्या एस'हेल-२ ला मोठा संसार आहे, त्याच्याकडे विजेची अशी चणचण नाही. पण तुम्ही तो ऐकायला जी डिशची टोपी लावाल, तिच्यात बहुतेक २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३९० पटीने वाढवून ९७५० केलेला असतो. एक पीपीएम चुकला की पावणेदहा किलोहर्ट्झ. आणि तुमच्याकडे गच्चीत दुपारी तापमान किती, ते तुम्हीच सांगा. पुढच्या खेपेला त्या टोपीबद्दल. आपल्यापैकी कोणी तिला सावली करून पाहिली असेल तर आकडे जरूर पाठवा.

चू. भू. द्या. घ्या.

७३!